जिभेचा दोष आणि जठराची शस्त्रक्रिया

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ प्राध्यापिकेची पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली, असे आम्हां सर्वांना कळले. रीतीप्रमाणे शहाळी घेऊन आम्ही त्यांना भेटून आलो. पुढे दिवाळीपर्यंत बाईंचे वजन तीसेक किलोंनी उतरले आणि स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी मधुमेह बळावल्याचे निदान केले, कुणी त्याहून वाईट काही. अखेर एका दुपारी ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर बसलो असताना त्यांनी मला खरे सांगून टाकले. पित्ताशय जागच्या जागी आहे; कापले गेले ते जठर. “तुम्हाला म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या. “लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? हिला चार घास कमी खाता आले नाहीत, म्हणून पोट कापून घेतलं.”

मलाच का सांगितले, हे उघड होते. माझी उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, रात्री झोपेत श्वास अडतो, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा दोन गोळ्या व एक इंजेक्शन घेऊनही ८.९च्या खाली यायला तयार नाही. त्यांच्यानंतर स्टाफरूममधली सर्वांत स्थूल व्यक्ती मीच होते.

मराठी शिकवणाऱ्याला शब्दांत अडकण्याची खोड असते. मी त्यांच्या वाक्यातल्या दुसऱ्या ‘म्हणून’पाशी अडकले. व्याकरणात आपण त्याला परिणामबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतो. स्थूल देहाविषयीची आपली सारी समजूत त्या एका अव्ययात साठलेली आहे. संयम नाही म्हणून खातो, खातो म्हणून जाडा होतो, आणि तरीही संयम येत नाही म्हणून शेवटी सुरीखाली जातो. ही साखळी खरी आहे का, हे तपासण्याची गरज कुणाला वाटत नाही, कारण भाषेने निकाल आधीच देऊन ठेवलेला असतो. जिभेचे चोचले, तोंडावर ताबा नसणे, हावरट, अधाशी, खादाड. याच भाषेत मूल मात्र गुटगुटीत असते आणि नवी सून खात्यापित्या घरची. गुटगुटीतपणा कोणत्या वर्षी संपतो आणि अंग ‘सुटले’ असे कधीपासून म्हणायचे, याची सीमारेषा फार पुसट आहे. माझ्या बाबतीत ती इयत्ता सातवीत ओलांडली गेली, एवढे मला नक्की आठवते.

आपल्या साहित्यात लठ्ठ माणूस बहुधा विनोदापुरता येतो. वजन उतरवण्याच्या खटाटोपावरचे मराठीतले सर्वांत लाडके लेखन म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’. चाळीतला जो तो काही ना काही सोडायला सांगतो, ही त्यातली गंमत आजही तितकीच ताजी आहे, कारण ती चाळ अजून उठलेली नाही. फक्त भ्रमणध्वनीत राहायला गेली आहे. २०१८च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ या वादाने अवघ्या महाराष्ट्राची जेवणाची पंगत दुभंगली होती. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे एकीकडे, दर दोन तासांनी थोडे थोडे खा म्हणणारे दुसरीकडे. आमच्या स्टाफरूमचेही दोन पक्ष पडले होते आणि दोन्ही पक्षांना प्रचारासाठी मीच सापडत असे. ‘उपास’ वाचताना मला आजही हसू आवरत नाही. मात्र तो वर्गात शिकवताना काही हसरे डोळे पुस्तकावरून हळूच समोरच्या बाईंकडे वळतात, हेही मी इतक्या वर्षांत पाहिले आहे.

याहून जुना आणि याहून गंभीर साक्षीदार चरकसंहितेत सापडतो. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुष सांगितले आहेत आणि अतिस्थूल त्यांतला एक आहे. म्हणजे निंदा तिथेही आहे. पण निंदेनंतर चरक जे करतो ते आपण करत नाही: तो कारणे शोधतो. अतिआहार, दिवसा झोप, व्यायामाचा अभाव यांबरोबर तो बीजस्वभावही मोजतो. आजच्या भाषेत आनुवंशिकता. पुढे तो म्हणतो, मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरतो, अग्नी चेतवतो, आणि म्हणून स्थूल माणसाला फार भूक लागते. अव्यय तेच आहे, दिशा मात्र उलटी. कृश आणि स्थूल यांत कृश बरा, असेही तो म्हणतो, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड. वायू आणि अग्नीची ती उपपत्ती आजच्या शरीरशास्त्रात टिकणारी नाही; पण अतिभूक हा दुर्गुण नसून लक्षण आहे, हे निरीक्षण टिकले आहे.

२०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केलेला एक अभ्यास मला या बाबतीत निर्णायक वाटतो. पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवून त्यांचे वजन उतरवले आणि मग वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वर्षानंतरही चढलेलेच होते, तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके उतरलेलीच होती, आणि भूक आधीपेक्षा जास्त लागत होती. शरीर गमावलेल्या वजनाचा हिशेब ठेवते आणि वसुलीसाठी दारात बसून राहते. मी स्वतः निरनिराळ्या वाटांनी तीनदा दहा किलोंहून अधिक वजन उतरवले आहे. तिन्ही वेळा माझे कौतुक झाले. ते परत आले तेव्हा मला कुणी काही म्हणाले नाही, आणि काही न म्हणण्याचीही एक विशिष्ट तऱ्हा असते.

आता शस्त्रक्रियेविषयी. ती करावी की न करावी याबद्दल आपल्याकडे उदंड मते आहेत; ती नेमकी काय आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मलाही नव्हते. चरबी शोषून घेण्याच्या सौंदर्योपचाराशी तिचा काही संबंध नाही, इथपासून सुरुवात करावी लागते.

तिचा इतिहास चुकांमधून पुढे सरकलेला आहे. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटातील शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकणारी शस्त्रक्रिया पुढे आणली. वजन उतरले, पण पुढच्या काळात यकृत निकामी होणे, मूत्रखडे, तीव्र कुपोषण अशा संकटांनी रुग्णांना ग्रासले, काही दगावले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. ‘पोट कापणे म्हणजे जिवाशी खेळ’ या लोकसमजुतीला हा एक खरा आधार आहे. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात वेगळी गोष्ट आली होती. व्रणामुळे जठराचा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचे वजन नंतर वाढत नाही, असे त्यांना दिसले. त्यावरून १९६६ साली जठराची बायपास शस्त्रक्रिया जन्मली. पुढे १९९५ साली वॉल्टर पोरीज यांनी नोंदवले की, या रुग्णांचा मधुमेह वजन उतरण्याची वाट न पाहता काही दिवसांतच आटोक्यात येतो. जठर आणि आतडे ही नुसती पिशवी व नळी नव्हेत, मेंदूशी आणि स्वादुपिंडाशी संप्रेरकांच्या भाषेत बोलणारी ती इंद्रिये आहेत, हे या शस्त्रक्रियांनी शिकवले. ‘पोट लहान केले म्हणून कमी खाल्ले जाते’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे. (पुन्हा ‘म्हणून’!)

आज मुख्य पर्याय दोनच. पहिला ‘स्लीव्ह’. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले तेव्हा मला तो शब्दशः ब्लाउजच्या बाहीसारखा दिसला. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उभा छेद देऊन कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. काढलेल्या भागातच घ्रेलिनचा मुख्य स्रोत असतो. फार मोठ्या देहाच्या रुग्णांना एकदम मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, म्हणून पहिला टप्पा म्हणून ही केली जाई. अनेकांचे वजन तेवढ्यानेच इतके उतरले की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. आज जगात सर्वाधिक हीच होते. आतड्याला हात लागत नाही, वेळ कमी लागतो. पण केलेले परत फिरवता येत नाही, आणि ज्याला आधीच छातीत जळजळ होते त्याची जळजळ पुष्कळदा वाढते.

दुसरा पर्याय बायपास. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहानशी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला खालच्या बाजूस जोडतात. उरलेले जठर आत तसेच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. आतड्याच्या जोडणीचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो आणि तिला सेझार रू या स्विस शल्यविशारदाचे नाव आहे. मधुमेह जुना असेल किंवा जळजळ असेल तर हिच्याकडे कल असतो. किंमत अशी की, लोह, कॅल्शियम, बी-१२ यांचे शोषण कमी होते आणि गोड खाल्ले तर धडधड, घाम, चक्कर असा शरीराचा तत्काळ निषेध होऊ शकतो. दोनऐवजी एकाच जोडणीची ‘मिनी बायपास’ आपल्याकडे बरीच केली जाते. तिच्यात पित्त उलटे चढण्याची तक्रार उद्भवू शकते. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी फार गाजली होती. ती आता जवळपास मागे पडली आहे आणि अनेकांचे पट्टे काढावे लागले. फुगा हा काही महिन्यांचा पाहुणा. तो काढला की पुष्कळदा वजन परतते.

यांतून निवड करताना माझा अनुभव असा की, आकड्यांविषयी प्रामाणिक बोलणारा माणूस मिळणे कठीण. एका रुग्णालयात मला पंधरा मिनिटांत चकचकीत पुस्तिका, सवलतीचे पॅकेज आणि ‘मधुमेहातून मुक्ती’ हे वचन मिळाले. मी घरी येऊन वाचत बसले. क्लीव्हलँड येथे मधुमेहींवर झालेल्या तुलनात्मक चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीन महिन्यांची सरासरी साखर ६ किंवा त्याखाली आणण्यात बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि केवळ औषधोपचाराच्या ५ टक्के रुग्णांना यश आले. म्हणजे औषधांच्या तुलनेत शस्त्रक्रिया कितीतरी सरस. आणि तरीही दहांतील सात जणांना ‘मुक्ती’ नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे २०२० सालचे निष्कर्षही असेच दुहेरी आहेत. शस्त्रक्रिया झालेले लोक, न झालेल्या स्थूल लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक जगले. सर्वसाधारण लोकांपेक्षा मात्र साडेपाच वर्षे कमी. मला ही तीन वर्षे लहान वाटत नाहीत. माझी मुलगी अकरावीत आहे. पण पुस्तिकेत यांतला एकही आकडा नव्हता.

जोखमीचेही तसेच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ०.३ टक्के होते. हजारात तीन. तेही अनुभवी केंद्रांमध्ये. टाके उसवून गळती होणे, रक्तस्राव, पायातील शिरांत गुठळी हे धोके तात्काळचे. नंतरचे दीर्घकालीन: पित्तखडे, केस गळणे, लोंबणारी त्वचा, आणि आयुष्यभर जीवनसत्त्वे व नियमित रक्ततपासणी. आपल्यातल्या शाकाहारी घरांना बी-१२ची वानवा मुळातच असते. तिथे ही गोळी चुकवणे म्हणजे काही वर्षांनी मज्जातंतूंवर संकट. मद्याची नशा, विशेषतः बायपासनंतर, लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. आणखी एक बाब पुस्तिकेत कधीच नसते: काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर आत्मघाताची प्रवृत्ती वाढलेली आढळली आहे. ज्याने आयुष्याच्या सगळ्या दुःखांचे खापर वजनावर फोडले, त्याचे वजन उतरले आणि दुःखे तशीच राहिली, तर त्याने काय करावे? हे माझे अनुमान आहे, शास्त्र नव्हे. पण शस्त्रक्रियेआधी मनोविकारतज्ज्ञाची भेट ही केवळ औपचारिकता असू नये, असे मला या कारणाने वाटते.

‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. डावीकडे उदास चेहरा, मळखाऊ रंगाचा सैल कुर्ता. उजवीकडे हसरा चेहरा आणि जीन्स. रचना संतचरित्रांतली: पापी, अनुताप, उद्धार. फक्त गुरूच्या जागी शल्यविशारद. शस्त्रक्रियेला ‘पळवाट’ म्हणणारे आणि तिला ‘नवा जन्म’ म्हणून विकणारे परस्परविरोधी वाटतात, पण दोघांची कथा एकच आहे: स्थूलता हे पाप. मतभेद प्रायश्चित्ताच्या दराविषयी आहे. २०१७च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून सुमारे पाचशे किलो वजनाच्या एका तरुणीला मालवाहू विमानाने मुंबईत आणले, तेव्हा क्रेनने रुग्णालयात चढवली जाणारी तिची खाट आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. मार्चमध्ये स्लीव्ह झाली, मेमध्ये तिला अबू धाबीला नेण्यात आले, सप्टेंबरात ती गेली. उपचारांविषयी बाजू घेण्याचा मला अधिकार नाही. मला आठवतात ते कॅमेरे. हृदयविकाराच्या रुग्णाची खाट आपण अशी दाखवली असती का?

२०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली आणि वादाला नवे वळण लागले. ‘आता इंजेक्शन आहे, मग सुरी कशाला?’ असे मला माझ्याच भावाने विचारले. प्रश्न रास्त आहे. ही औषधे आतड्याच्या त्याच संप्रेरकांची नक्कल करतात ज्यांचे माहात्म्य शस्त्रक्रियेने उघड केले. कित्येकांना ती पुरेशी ठरतील, विशेषतः ज्यांचे वजन फार वाढलेले नाही त्यांना. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, असे २०२२ सालच्या एका पाठपुराव्यात दिसले. म्हणजे ते चालू ठेवावे लागते, आणि दरमहा पैसे मोजावे लागतात. गंमत म्हणजे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही आता तेच ऐकावे लागते: सोपा मार्ग घेतला. चष्मा लावणाऱ्याला आपण कधी म्हणत नाही की, डोळे ताणून वाचायची तुझी इच्छाशक्ती कमी पडली.

पैशांचा विषय मी टाळणार नाही, कारण तिथे हा नैतिक न्यायनिवाडा कागदावर उतरतो. खासगी रुग्णालयातला खर्च लाखांत आहे. २०१९ साली विमा नियामकाने घालून दिलेल्या नियमांनुसार, बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, श्वास अडण्याचा तीव्र विकार यांसारखे काही असेल, आणि इतर सौम्य उपाय फसले असतील, तर या शस्त्रक्रियेला विमा लागू होतो. तत्पूर्वी लठ्ठपणावरील उपचार सरसकट वगळलेले असत. तेव्हा हे पाऊल पुढचेच. पण आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी २०२२ साली आशियाई लोकांसाठी हा उंबरठा २७.५ इतका खाली आणला आहे. त्याची कारणे आपल्या पुण्यातच सापडतात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस सडपातळ दिसूनही आतून मेदस्वी असतो. ही गोष्ट विम्याच्या तक्त्याला ठाऊक नाही. ३२ बीएमआयच्या मधुमेही रुग्णाला वैद्यकशास्त्र पात्र ठरवते आणि विमा अपात्र.

मी पात्र ठरले, पण ‘सौम्य उपाय फसल्याचे’ पुरावे मागण्यात आले. एका रविवारी कपाटाचा खालचा खण उपसला. आहारतज्ज्ञांचे तक्ते, व्यायामशाळेच्या दोन वार्षिक पावत्या, एका आश्रमातील दहा दिवसांच्या निवासाची पावती, योगवर्गाचे ओळखपत्र. वीस वर्षांचा ऐवज होता. यजमानांनी सगळे तारीखवार लावून दिले. मला वाटले होते की हे करताना मला लाज वाटेल. प्रत्यक्षात तो गठ्ठा हातात घेतल्यावर वाटले, एवढे प्रयत्न करणाऱ्या बाईला संयम नाही असे कोण म्हणेल?

जळजळ आणि मधुमेह दोन्ही असल्याने मी बायपास निवडली आहे. पुस्तिकेवाल्या रुग्णालयात नव्हे. जिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हजारात तीन हा आकडा मला विचारायला न लावता सांगितला, तिथे. आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “लहानपणी मीच तुला दुसरी पोळी वाढायचे.” तिलाही ते ‘म्हणून’ छळते आहे, हे मला तेव्हा कळले.

परवा रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात ‘लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया’ असे लिहिले. मुख्य लिपिक भले गृहस्थ आहेत. त्यांनी अर्ज वाचला, आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, नुसतं ‘पोटाची शस्त्रक्रिया’ लिहिलंत तरी चालेल. मी दुसरा फॉर्म देतो.” मी म्हटले, नको, हाच राहू द्या. त्यांनी आवक क्रमांक घातला आणि अर्ज फायलीत सर्वांत खाली सरकवला.